भोंग्याचं शेवटचं संगीत

३ फेब्रुवारी, मंगळवार

भोंग्याने आज पुन्हा डोकं उठवलं!

अडीच तासांचा सिनेमा, त्यात दोन तास दहा मिनिटं ह्या संगीतकाराचा ऑर्केस्ट्रा. नायक जिना उतरतो — ढम्. दार उघडतो — ढम् ढम्. पाणी पितो — चाळीस व्हायोलिनं! अरे, पिऊ दे की त्याला पाणी. आणि मी इथे बसून प्रत्येक ढम्‌खाली लिहायचं, 'तणावपूर्ण संगीत'. आज एकशे बारा वेळा लिहिलं. शेवटी बोटं आपोआप चालत होती, मी दुसराच कसला तरी विचार करत होते.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्याखाली ओळी लिहायच्या, ही माझी नोकरी. कोण काय बोललं, फोन कुठे वाजला, संगीत कसलं आहे. संगीतासाठी कंपनीने यादी दिली आहे. बारा शब्द. आनंदी, दुःखी, तणावपूर्ण, हळुवार, गूढ… काचेवर चिकटवलेली आहे, माझ्या नाकासमोर. तेरावा शब्द चालत नाही. जगातलं सगळं सिनेसंगीत बारा शब्दांत! म्हणजे समुद्र बाटल्यांत भरायचा आणि वर चिठ्ठी लावायची — 'ओलं'.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खोक्यातच डबा खाल्ला. खोका म्हणजे माझी केबिन. तीन भिंतींना राखाडी गादी, चौथी काचेची, खिडकी नाही. बाहेरून सगळ्यांना मी दिसते, पण मला कुणाचं ऐकू येत नाही. घरी बरोब्बर उलट — सगळ्यांचं सगळं ऐकू येतं आणि मी कुणाला दिसत नाही. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दादा-वहिनीच्या हॉलमधला दिवाण हेच माझं घर. हॉलला दार नाही. म्हणून ही वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

वहिनी सकाळी डबा भरता भरता: "अगं, छत्तिशी आली! किती दिवस कानात बोळे घालून बसणार आहेस?" बोळे म्हणजे हेडफोन. वहिनीचं तोंड डबा भरताना सुरू होतं ते भांडी आवरेपर्यंत.

दादा पेपराआडून: "साहेब तुझ्याबद्दल विचारत होते."

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, दादाचे जुने मित्र. मला इथे त्यांनीच चिकटवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मला वाटलं, कामाबद्दल विचारत असतील. भोळी मी!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काम लवकर संपलं. उगाच बसून मनातल्या मनात सगळ्या संगीतकारांची हजेरी घेतली. मी प्रत्येकाला टोपणनाव ठेवलंय.

शिंपी — मापात शिवतो. माणूस दोन पावलं टाकतो, हा दोन सूर टाकतो. कुठे सुरकुती नाही, कुठे घामही नाही. बक्षिसं सगळी त्याला.

पाकवाला — बासरी पाकात, पियानो पाकात. नायिकेच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधीच ह्याच्या तारा रडायला लागतात. मग माझे डोळे ठार कोरडे! मी रडणारच होते रे बाबा, ढकललंस कशाला?

मौनीबाबा — सगळे म्हणतात, काय ती शांतता! मला विचाराल तर त्यातली निम्मी शांतता आणि निम्मा आळस. शांतता मिळवावी लागते. आधी कुणीतरी बोलत असायला हवं, मग ते थांबलेलं कळतं. हा बोलतच नाही, तर थांबणार काय?

आणि भोंगा. बाकीच्यांवर मी नुसती टीका करते. भोंग्यावर राग आहे. कारण तो असा नव्हता.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज होडीचा सिनेमा आला! भोंग्याचा पहिला. प्रिंट साफ करून पुन्हा काढतायत, म्हणून ओळी नव्याने लिहायच्या.

अकरा वर्षांची होते. बाबांबरोबर गेले होते. धक्क्यावर बाई उभी आहे, होडी येत नाही. काही म्हणजे काही घडत नाही. एकच वाद्य तीन सूर वर चढतं आणि खाली येतं. पुन्हा तीन चढतं, पुन्हा खाली. मी बाबांचा हात घट्ट धरला. "घाबरलीस?" "नाही. हे कोण वाजवतंय?" दिवे लागले, लोक उठले, पण पडद्यावरची शेवटची पाटी जाईपर्यंत बाबा माझ्यासाठी बसून राहिले. तेव्हापासून मी सिनेमा डोळ्यांनी कमी बघते.

आणि हाच माणूस पुढे पाणी प्यायला चाळीस व्हायोलिनं लावतो! पैसा? माज? म्हातारचळ? कुणाला विचारणार?

त्या जागी यादीप्रमाणे 'दुःखी संगीत' लिहिलं. खोडलं. 'हळुवार' लिहिलं. खोडलं. मग लिहिलं — 'एकटा चेलो. कुणीतरी जिना चढतंय, पण वर पोचत नाही.'

आणि तसंच पाठवून दिलं!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे मी लिहिते ते कुणी वाचतच नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वाचतात!

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेनं एका रेषेत, पट्टीने आखल्यासारखी. समोर एक छापील कागद. प्रेक्षकांच्या अभिप्रायांत आलेलं पत्र.

"होडीच्या सिनेमातल्या जिन्याच्या ओळीबद्दल. बरोबर आहे. तो वर पोचत नाही. पण चेलो नाही, व्हिओला आहे. चूक दुरुस्त करावी. — एक बहिरा प्रेक्षक."

"तुम्ही यादीबाहेर गेलात," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नाहीत. "संगीत आहे, एवढं कळलं की झालं. मी तर घरी टीव्ही म्यूट करूनच बघतो. शांत वाटतं."

म्यूट करून! मग त्यांनी खणातून नवा हेडफोन काढून पुढे सरकवला. "तुमचा जुना झालाय. कान दुखत असतील."

खरंच दुखतात. हे त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही. माणूस वाईट नाही — तेच तर अवघड आहे. वाईट असता तर किती सोपं गेलं असतं!

खोक्यात येऊन तो तुकडा वीसदा ऐकला. व्हिओलाच आहे, चेलोचा धाकटा भाऊ. पंचवीस वर्षं मी चेलो धरून बसले होते! लाज वाटली. आणि मग उजेड पडला — बहिऱ्या माणसाला व्हिओला कसा कळला?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीच्या पत्त्यावरून परस्पर उत्तर पाठवलं. "चूक मान्य. तुम्हाला कसं कळलं?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

घरी उघड झालं. साहेबांनी दादाकडे शब्द टाकलाय. दादा खूश — "घरबसल्या स्थळ चालून आलंय!" वहिनी कपाटातून माझे कपडे काढून एकेक माझ्या अंगाला लावून बघत होती. "हा निळा नको, यात तू आजारी दिसतेस. तो पिवळा घाल. आणि त्यांच्यासमोर संगीताचं काही काढू नकोस बाई, माणूस घाबरेल."

दादा म्हणाला, "विचार कर. घाई नाही." म्हणजे किती दिवस? "एप्रिलपर्यंत सांगू त्यांना."

मी म्हटलं, "बरं."

मला एवढा एकच शब्द येतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

फोन आला. बाईचा आवाज, माझ्याच वयाची असेल. "तुम्हीच का त्या, जिन्याच्या ओळीच्या? बाबांना तुम्हाला भेटायचंय."

"बाबा म्हणजे?"

तिने नाव सांगितलं. मी खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. बाहेर काचेपलीकडे सगळे आपापलं काम करत होते.

भोंगा!

"गेली सहा वर्षं त्यांना काहीच ऐकू येत नाही," मुलगी म्हणाली. "त्याआधी दहा वर्षं कमी कमी होत गेलं. बाहेर कुणाला माहीत नाही. कृपा करून बोलू नका."

बहिरा माणूस स्वतःचे जुने सिनेमे लावून खालच्या ओळी वाचत बसतो. आपलं संगीत कुणाला कसं ऐकू गेलं ते बघायला. आणि त्याच्या सिनेमांखाली सहा वर्षं मी काय लिहीत आले? 'तणावपूर्ण संगीत'. 'तणावपूर्ण संगीत'. 'तणावपूर्ण संगीत'.

डबा न उघडताच परत नेला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज जाऊन आले. वहिनीला सांगितलं, ऑफिसात जादा काम आहे. वही बरोबर होती, बसस्टॉपवरच लिहितेय.

चौथा मजला, लिफ्ट बंद. मुलीने दार उघडलं. पियानोचं झाकण बंद, त्यावर औषधांचे खोके आणि धुतलेले टॉवेल. मला वाटलं होतं दांडगा माणूस असेल, गडगडाटी. हा तर एवढासा! स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या, पायात दोन वेगळे मोजे. बोलला मात्र असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावं.

"चेलो म्हणे! चेलो!"

मुलीने तळवा खाली केला — हळू. त्यांनी आवाज खाली आणला, जरा जास्तच. कुजबुजायला लागले. मग आमचं असं सुरू झालं — ते बोलणार, मी पाटीवर खडूने लिहिणार.

मी लिहिलं, 'तुमच्या पहिल्या सिनेमाने मला बिघडवलं.'

हसले. मग एकदम म्हणाले, "आणि नंतरच्या?"

मी पाटी पुसू लागले. मुलगी माझ्याकडे बघत होती. ते म्हणाले, "मी सांगतो. नंतरचे मोठे मोठे होत गेले. हो ना? मला ऐकू यायचं नाही, मी म्हणायचो, वाढवा. अजून वाढवा. अजून माणसं आणा. रेकॉर्डिंगला शंभर लोक असायचे. एकाने तरी म्हणावं, सर, पुरे! सगळे म्हणायचे, वा सर."

मग म्हणाले, "वा सर, वा सर करत त्यांनी मला आत ठेवून बाहेरून कडी लावली."

मी मान खाली घातली. भोंगा हे नाव मीच ठेवलंय. वर्षानुवर्षं मनात त्याच नावाने हाक मारली.

शेवटचा सिनेमा तयार आहे. संगीत त्यांच्या नावाचं. सूर त्यांनी कागदावर लिहिले, पुढचं सगळं सहायकांनी केलं, ते समोर उभे राहून नुसते हात हलवत होते. एक सूरही ऐकलेला नाही. "सगळे म्हणतात, फर्स्ट क्लास. ते तर म्हणणारच. सिनेमा तुमच्याच कंपनीत येतोय. कंपनीसाठी यादीप्रमाणे लिहा. माझ्यासाठी यादीशिवाय लिहा. खरं लिहा. कसं झालंय ते मला वाचायचंय."

मी पाटीवर लिहिलं — 'बरं.'

लिहिल्यावर कळलं, आज पहिल्यांदा हा शब्द मनापासून आला.

बस आली.

५ मार्च, गुरुवार

सिनेमा आला. एका म्हाताऱ्या घड्याळजीची गोष्ट आहे, त्याची मुलगी घर सोडून जाते.

पूर्वार्ध — काय सांगू! सुटा, मोकळा. घड्याळजी भिंग लावतो तिथे हार्पचे चार थेंब, आणि मग काही नाही. चाळीस सेकंद काही नाही! पुढे त्याची मुलगी हसते आणि एक क्लॅरिनेट अर्धवट हसून गप्प होतं. होडीचा माणूस आत अजून जिवंत आहे. मी खोक्यात एकटी टाळ्या वाजवल्या. काचेबाहेरून हिशेबवाल्या बाईंनी डोळे वटारले.

मध्यांतरानंतर मुलगी निघून जाते. आणि आले सगळे! तुताऱ्या, ढोल, कोरस. संगीताच्या एकसष्ट जागा, एकसष्टही ठासून भरलेल्या. म्हातारा रिकाम्या खोलीत नुसता बसलाय — नुसता बसलाय हो! — आणि त्याच्या डोक्यावर अख्खी फौज नाचतेय. नट इतका चांगला की त्याची बोटंच सगळं सांगतात. पण बोटं दिसूच देत नाहीत!

१० मार्च, मंगळवार

खरं लिहायचं म्हणजे किती खरं?

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. शेवटचं काम. ऐकू तर येत नाहीच, मग 'सुंदर झालंय' म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं? शंभर लोकांनी म्हटलं, मी एकशे एकावी. वहिनी म्हणते ना — "गोड बोलायला काय जातं?"

दोन पानं गोड लिहिली. पाकवाल्याचं संगीत वाचतेय असं वाटलं. फाडली.

१२ मार्च, गुरुवार

पाठवलं. पूर्वार्धाची नऊ पानं, त्यांत मी कुठे कुठे श्वास रोखला तेसुद्धा. उत्तरार्धाला एवढंच:

'इथून पुढे संगीत म्हाताऱ्याला एकटं बसू देत नाही. मला त्याच्याजवळ बसायचं होतं, मला जागाच मिळाली नाही. एकसष्ट वेळा.'

१६ मार्च, सोमवार

उत्तर नाही.

१९ मार्च, गुरुवार

उत्तर नाही. मारलं मी त्याला. कुणी सांगितलं होतं शहाणपण?

घरी दादाने दिवस पक्का केला — पाच एप्रिलला, रविवारी साहेब येणार, 'तेव्हाच होकार देऊन टाकू'. नकाराची जागाच ठेवलेली नाही वाक्यात! वहिनी पडदे धुवायला काढतेय. साहेब आज जाता जाता म्हणाले, "तुम्हाला संगीतात फार शिरायची सवय आहे. हरकत नाही. लग्नानंतर कमी होते."

त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं.

मी म्हटलं, "बरं."

एका माणसाला सोळा वर्षांत कुणी सांगितलं नाही ते सांगायला मला तीन वाक्यं पुरली. स्वतःसाठी दोन अक्षरं निघत नाहीत.

२४ मार्च, मंगळवार

साहेब स्वतः खोक्यापर्यंत आले. दार उघडून उभे राहिले. "त्या घड्याळजीच्या सिनेमाच्या ओळी बदलायच्यात. निर्मात्याचा फोन होता. उत्तरार्धातलं सगळं संगीत काढून टाकलंय."

"सगळं?"

"सगळं. संगीतकारानेच हट्ट धरला म्हणे. निर्माता नको म्हणत होता, तर हे म्हणाले, मग माझं नाव काढा. काय डोक्यात येतं या लोकांच्या! तुम्ही तेवढ्या ओळी खोडा."

एकसष्ट ओळी खोडल्या. एकेक करून. माझ्या शब्दाने कधी भाजी बदलली नव्हती घरात — सिनेमा बदलला!

संध्याकाळी भोंग्याच्या मुलीचा निरोप. "बाबा म्हणाले, तिला सांगा, कुणीतरी एकदाचं 'पुरे' म्हटलं. चार दिवस भिंतीकडे तोंड करून होते. पाचव्या दिवशी निर्मात्याकडे जायला स्वतःच बूट घातले."

मी इथून पुढे त्यांना भोंगा म्हणणार नाही. दुसरं नाव सुचेपर्यंत नुसतं 'ते'.

४ एप्रिल, शनिवार

दुपारच्या खेळाला गेले. वहिनीने हट्ट धरला, मीही येते. "उद्या तुझं ठरलं की मग कुठली येतेस माझ्याबरोबर!" मी मनात कपाळावर हात मारला. हिच्या बडबडीत ती शांतता कशी टिकणार?

पूर्वार्धभर कानाशी चालू — "ही नटी जाड झाली ना गं?" "घड्याळ बंद पडलंय हे आधी का नाही सांगितलं त्याला?"

मध्यांतर झालं. मुलगी निघून गेली. दार लागलं. आणि — काही नाही. सगळ्या थिएटरात काही नाही. लोक हलले, खोकले. कुणीतरी ओरडलं, "आवाज!" वहिनीने मला कोपराने ढोसलं. "मशीन बिघडलं का गं?"

"नाही. असंच आहे."

म्हातारा रिकाम्या खोलीत बसला. खुर्ची करकरली. बोटं गुडघ्यावर. आता त्याच्याजवळ बसायला जागा होती. हळूहळू खोकलेही थांबले. मौनीबाबाला आणून बसवायला हवं होतं इथे — अरे, ही बघ मिळवलेली शांतता!

मी रडले. कुणी न ढकलता.

दिवे लागल्यावर बघितलं तर वहिनी तशीच बसलेली, पर्स मांडीवर घट्ट धरून. बसमध्ये शब्द नाही. जिन्यात शब्द नाही. घरी आल्यावर तिने गॅस पेटवला, पातेलं ठेवलं आणि खिडकीपाशी उभी राहिली. दादाने विचारलं, "कसा होता?" तर म्हणाली, "होता."

तिला बरं नाही की काय?

६ एप्रिल, सोमवार

काल साहेब आले. पिवळा घातला होता मी. दादा म्हणाला, "मग? होकार समजायचा ना?" माझं तोंड उघडलं, 'बरं' अगदी जिभेवर आलेलं — तेवढ्यात वहिनीने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि दादासमोर उभी राहिली.

"तिला नाही म्हणायचंय."

दादा हसला. "तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाली. "बावीस वर्षांपूर्वी मलाही नाहीच म्हणायचं होतं. कुणी विचारलंच नाही."

मी जिभेवरचं 'बरं' गिळलं आणि साहेबांकडे वळून दोन अक्षरं म्हटली — "नाही."